मरोद्याची चैती

भिलाईत पावर हाउसच्या बाजारात मासळीची ओळ टाळायची म्हटलं तर भलामोठा वळसा पडतो. मनकर्णा खोडे अठरा वर्षं तो वळसा घालत आली होती. आई माळकरी, लेकीच्या पदराला मासळीचा वास जरी आला तरी ती त्या दिवशी जेवत नसे. आई होळीच्या आठवड्यात गेली. त्यानंतरही दहा महिने मनकर्णा सवयीनं वळसाच घालत होती. जानेवारीतल्या एका रविवारी, स्टोव्हच्या वाती आणि कांदे घेऊन परत निघताना, तिच्या मनात आलं की आता पदर हुंगणारं घरी आहे कोण? आणि ती सरळ मासळीच्या ओळीतून निघाली.

साल सत्याऐंशी. मनकर्णा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. वडील आर्वीहून भिलाईला आले ते पोलाद कारखान्याच्या भांडारात स्टोअरकीपर म्हणून. नोकरीत असतानाच ते वारले आणि त्यांच्या जागी ती लागली. धाकट्या विजयकुमारला तिनं शिकवलं, त्याचं लग्नही तिनंच लावून दिलं. तो आता बडोद्याला होता. तिला स्वतःला कुणी मागणी घातली नाही असं नाही. पण आधी भावाचं शिक्षण होतं, मग आईचा दमा होता, आणि नंतर विचारणारेच थांबले. सेक्टर पाचच्या क्वार्टरमध्ये आता ती एकटी होती. शनिवारी दुपारी भांडार सुटलं की सोमवारी सकाळी हजेरीवर सही करेपर्यंत, कधी कधी, तिच्या तोंडून एकही शब्द बाहेर पडत नसे.

ओळीच्या टोकाला एक केवटीण, म्हणजे इकडची कोळीण, बसली होती. तिच्यापुढं मासळी नव्हती. एक उपडी टोपली होती, आणि टोपलीच्या फटीतून एक पाय बाहेर आला होता, करडा, बोटांमध्ये पडदा असलेला. त्या पायात कडं होतं. मनकर्णानं वाकून पाहिलं. धातूची बारीक पट्टी, तिच्यावर कोरलेली इंग्रजी अक्षरं : मोस्क्वा. पुढं आकडा.

ही अक्षरं तिला पाठ होती. भांडारात रशियाहून जी लाकडी खोकी येत त्यांच्यावर ती असत. क्षणभर तिला वाटलं, कारखान्यातल्याच कुणीतरी थट्टेनं खोक्याची पट्टी काढून पाखराच्या पायात अडकवली असावी.

"ले जा बाई, बने मोटाय हे," केवटीण म्हणाली. "घर म चार झन होही तभो पुर जाही."

चांगलं गुबगुबीत आहे, चार जणांना पुरेल म्हणे. केवटिणीनं टोपली उचलली. आत लहानसं तपकिरी बदक होतं. डोळ्यावरून एक फिकट रेघ गेलेली, आणि डोळ्यातून काळी, काजळ ओढल्यासारखी. ते ओरडलं नाही की फडफडलं नाही. नुसतं बघत राहिलं.

मनकर्णानं घासाघीस केली नाही. कापडी पिशवीत कांद्यांवर बदक ठेवून, पिशवीच्या तोंडावर पदर धरून ती ऑटोत बसली.

घरी आल्यावर मागच्या आंगणात तिनं त्याचे बांधलेले पाय सोडले. पाय सोडले की ते उडून जाईल, आणि आपण पुण्य केल्यासारखं आत जाऊन कांदे निवडू, असं तिला वाटलं होतं. बदक धुण्याच्या टाक्यात उतरलं, पाणी प्यालं. उजवा पंख पसरला, मग डावा. डाव्या पंखाची मोठी पिसं कात्रीनं कापड कापावं तशी सरळ कापलेली होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती वरच्या मजल्यावर उमाकांतकडं गेली. उमाकांत कारखान्यात दुभाषी होता. रशियन यंत्रांची जाडजूड पुस्तकं हिंदीत उतरवणं हे त्याचं काम. रायपूरच्या जुन्या मराठी घरातला, बायकोमुलांचा माणूस, तोंडानं गमत्या.

"उमाकांतभाऊ, रशियात पाखराईच्या पायात कडे घालतेत का?"

"कावून ताई, तुमाले घालायचे आहेत का?" तो हसला. पण तिनं कागदावर उतरवून आणलेला आकडा पाहिल्यावर तो खुर्चीत सरळ बसला. "हे तर खरं आहे ताई! तिकडे मास्कोत एक दफ्तर आहे, पक्ष्यांचं. नंबर घालून सोडून देते. दुनियेत कुठंही सापडला तर कळवायचं. कुठं भेटलं हे तुमाले?"

"पावर हाउसले."

"अन् खाल्लं का मग?"

"आंगणात हाय. पंख कापले त्याईनं, उडता येत नाई."

"मग आता?"

"आता काय. राहील."

'राहील' म्हणताना तिला आत कुठंतरी बरं वाटलं. त्याचं तिला जिन्यावरून उतरताना नवलही वाटलं. उमाकांतनं त्याच दिवशी रशियनमध्ये पत्र लिहिलं आणि ते टपालात गेलं.

पुढच्या रविवारी ती केवटिणीला शोधत बाजारात गेली. केवटिणीचं नाव हिरा. मरोद्याच्या तलावाच्या काठावर तिचं घर होतं. बदक मेलं, आता ही बाई भांडायला आली, असं हिराला वाटलं. मनकर्णानं विचारलं ते एवढंच, की कापलेले पंख पुन्हा येतात का.

"जामही न," हिरा म्हणाली. "सावन-भादो म जुन्ना पाँखी झर जाथे, नवा आथे." मग तिनं मनकर्णाकडं नीट पाहिलं. "पोसत हस का? खवाथस का?"

"चावल," मनकर्णा म्हणाली.

हिराला हसू आलं. नुसत्या तांदळावर ते जगायचं नाही. त्याला शेवाळ पाहिजे, बारीक गोगलगायी पाहिजेत, आणि ते बाजारात मिळत नाही, तलावावर मिळतं. "आ जाबे," ती म्हणाली.

अशी मनकर्णा पहिल्यांदा मरोद्याला गेली. अठ्ठावीस वर्षं भिलाईत राहून तिनं हा तलाव बसच्या खिडकीतून तेवढा पाहिला होता. कारखान्याला पाणी इथूनच जातं, एवढं तिला ठाऊक. काठावर उभं राहिल्यावर तिला पाण्यावर पसरलेले काळे ठिपके दिसले. पाला असेल असं वाटलं. हिरानं टाळी वाजवली आणि अर्धा पाला हवेत उठला.

हिराला पाखरं रंगावरून ओळखावी लागत नसत. रंग काय, उन्हाकडं तोंड असलं की सगळी काळीच, ती म्हणे. ती बघे ते उठणं. जे पाण्यातून सरळ वर उठतं ते वेगळं. जे पाण्यावर धावत धावत मग उठतं ते वेगळं, ते बुडी मारणारं. लांब मानेचं, शेपटीला काडी लावल्यासारखं, ते सींखपर. रात्री शिट्टी घालत डोक्यावरून जाते ती सिल्ही; ती इथलीच, बारा महिन्यांची. आणि तुझ्या आंगणात आहे ती चैता, हिरा म्हणाली. सगळी पाखरं फागुनात जातात. चैता मात्र चैत लागेपर्यंत थांबते, म्हणून चैता.

"जातेत कुठं?"

हिरानं उत्तरेकडं, कारखान्याच्या धुराड्यांच्याही पलीकडं, हात केला. तिथं काय आहे ते तिला माहीत नव्हतं. तिच्या सासऱ्यालाही माहीत नव्हतं, आणि त्यानं जन्मभर जाळी लावली होती.

मनकर्णा दर रविवारी जाऊ लागली. डब्यात शेवाळ घेई, आणि घेऊन झालं तरी लगेच निघत नसे. हिरा जाळं विणत बसे आणि मान न उचलता सांगे, हे उठलं ते अमुक. मनकर्णा त्याकडं बघे आणि भांडाराच्या जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहून घेई. एकदा तिनं विचारलं, पाखरांसाठी जाळी लावणं सोडता येणार नाही का? हिरानं हातातलं काम थांबवलं. मासळीचा ठेका दुसऱ्याचा आहे, ती म्हणाली, आमच्या वाटेला थंडीत हेच. "पेट ला का देहूँ, बाई?" पोटाला काय देऊ? मनकर्णानं पावतीपुस्तक मिटून पिशवीत टाकलं. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, आणि हिरानंही डबा आधीच भरून ठेवला होता.

घरी आता बोलायला कुणीतरी होतं. मनकर्णा भाकरी थापताना दार उघडं ठेवी आणि आंगणाकडं तोंड करून दिवसभराचं सांगे. कोणतं खोकं फुटकं आलं, नवा साहेब कसा सही न वाचताच करतो. चैती टाक्याच्या कडेवर एका पायावर उभी राहून ऐके, किंवा ऐकते असं मनकर्णाला वाटे. चैता म्हणून चैती, याहून वेगळं नाव तिनं ठेवलं नाही. 'ऐकलं का' एवढंच म्हणे.

फाल्गुनाच्या शेवटी चैतीचं खाणं कमी झालं. संध्याकाळी, कारखान्याची दुसरी पाळी सुरू होऊन गल्ली शांत झाली की, ती टाक्यातून बाहेर येई आणि आंगणाच्या एका भिंतीला लागून चालू लागे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. मान ताठ, चोच वर. मनकर्णाला आधी वाटलं, मांजर आलं. तिनं काठी घेऊन सगळं पाहिलं. मांजर नव्हतं. चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की भिंती तीन आहेत आणि ती एकाच भिंतीपाशी चालते, उत्तरेच्या.

मग एका संध्याकाळी चैतीनं दोन्ही पंख पसरून उडी घेतली. उजव्या पंखानं तिला उचललं, डाव्यानं उचललं नाही. ती हवेतल्या हवेत गरकन फिरली आणि बाजूवर पडली. उठली. पुन्हा उडी. पुन्हा तशीच पडली. मनकर्णानं तिला धरून छातीशी आवळलं, तर त्या एवढ्याशा जिवाचं काळीज शिवणयंत्रासारखं चालत होतं. सोडलं की पुन्हा भिंत. असं पंधरा-वीस दिवस चाललं. मनकर्णा आत जाऊन रेडिओ मोठा करी, आणि दोन मिनिटांनी पुन्हा दारात येऊन उभी राही. तिनं आंगणात गोणपाटं अंथरली, म्हणजे पडलं तरी लागू नये. तेवढंच तिच्या हातात होतं.

चैत्र उलटला. हिरा म्हणाली, तलावावरच्या गेल्या. त्यानंतर दोन-तीन दिवसांत चैतीचं चालणं आपोआप थांबलं. ती टाक्यात जाऊन बसली आणि पूर्वीसारखी खाऊ लागली. मनकर्णाला सुटल्यासारखं झालं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

भिलाईचा उन्हाळा माणसांना सोसत नाही, तर त्या पाखराची काय कथा. टाक्यातलं पाणी अकरा वाजता चटका देई. मनकर्णानं तिला घरात घेतलं, खोलीतला कूलर ती कामावर गेल्यावरही चालू ठेवला, पितळी परातीत पाणी भरून समोर ठेवलं. ज्या खोलीत आईनं आयुष्याची शेवटची वर्षं जप केला तिथं आता बदक राहत होतं. चोच उघडी टाकून धापा टाकणारी चैती पाहिली की मनकर्णाला आईचा दमा आठवे, आणि मग ती तिच्याशी आईशी बोलावं तशी हळू बोले.

मेच्या शेवटी मॉस्कोहून उत्तर आलं. उमाकांत ते घेऊन स्वतः खाली भांडारात आला.

"घ्या ताई, तुमच्या पाहुण्याची जन्मपत्री आली," तो म्हणाला आणि टेबलाशी उभ्याउभ्या वाचू लागला. सैबेरियात चानी नावाचं मोठं सरोवर आहे. तिथं ऑगस्ट त्र्याऐंशीमध्ये हे कडं घातलं. मादी, त्याच वर्षीचं पिल्लू, उडू लागण्याच्या आधीचं. "म्हणजे चार वर्षांची होऊन राहिली आता. दरसाल येणं-जाणं. हिमालय ओलांडून ताई! अन् आपल्याले दुर्गले जायचं म्हटलं तर बस भेटत नाही."

"आता तिथं कसं असन?" मनकर्णानं विचारलं.

"आता? बर्फ वितळून गेला असेल. घरटी असतील."

पत्रासोबत एक छापील कागद होता. त्यावर रिकाम्या जागा होत्या. उमाकांतनं एकेक वाचून भरल्या. पक्षी कुणाला मिळाला, कुठं, कोणत्या तारखेला, जिवंत की मृत. शेवटची जागा होती : सोडला असल्यास तारीख.

"हे रिकामं ठेवू?"

"ठेवा."

हिरानं सांगितलं तसंच झालं. श्रावणात एका आठवड्यात चैतीच्या दोन्ही पंखांची मोठी पिसं गळली. आंगणात, घरात, परातीत पिसंच पिसं. महिन्याभरात नवी आली, निळसर करडी, कोरी. भाद्रपदात एक दिवस ती टाक्यातून सरळ वर उठली आणि आंगणावर बांधलेल्या जाळीला डोकं लावून खाली आली. ही जाळी मनकर्णानं मांजरांसाठी बांधली होती. त्या दिवशी तिनं ती काढली नाही.

आता तलावावर दुसरी पाखरं नाहीत, एकटी कशी राहील, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण कोजागिरीच्या सुमाराला हिरा म्हणाली की चैता आल्या, पुष्कळ आल्या. यंदा पाऊस दगा देऊन गेला म्हणून तलाव खाली गेलाय, चिखल उघडा पडलाय, पाखरांची चंगळ आहे. तेव्हा मनकर्णा म्हणाली, दिवाळी होऊ दे. विजयकुमार मुलांना घेऊन येणार आहे, त्यांना दाखवीन.

दिवाळीच्या दोन दिवस आधी विजयकुमारचं पत्र आलं. मुलांच्या परीक्षा, रजेची अडचण, पुढच्या उन्हाळ्यात नक्की. तिनं केलेल्या करंज्या भांडारात वाटल्या. त्यानंतरच्या सोमवारी उमाकांत तो छापील कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"ताई, ही तारीख काय लिहू? पंख आले म्हणता ना?"

"तुमाले कायची घाई होऊन राहिली?" ती एकदम ओरडली. भांडारातली चार डोकी वर झाली. "मी पोसलं तिले. उन्हाळाभर पोसलं. तुमी आले होते का एक तरी दिवस पाहाले?"

"नाही आलो," उमाकांत म्हणाला. कागद तिच्या टेबलावर ठेवून जिना चढून गेला.

संध्याकाळी मनकर्णा आंगणात स्टुलावर बसली. चैती टाक्यातून उठली, जाळीला लागली, खाली आली. पुन्हा उठली. तिच्या डोक्यावरची बारीक पिसं घासून घासून गेली होती. तिथं कातडी दिसत होती. मनकर्णाला हे आधी दिसलं नव्हतं असं नाही. तिनं आजवर तिकडं नीट पाहिलं नव्हतं.

रविवारपर्यंत ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडारात निरोप धाडून, तीच कापडी पिशवी घेऊन ती मरोद्याला गेली. हिरा घाटावर भांडी घासत होती. ती हात धुऊन बरोबर आली. चिखल तुडवत दोघी पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. मनकर्णानं पिशवीचं तोंड उघडलं, चैतीला दोन्ही हातांत घेतलं आणि पाण्यावर ठेवलं.

चैती दोन-तीन हात पोहली. पाणी प्याली. मग सरळ वर उठली. मनकर्णाच्या मनात उगाच होतं की ती एक फेरी तरी घालेल. फेरी वगैरे काही नाही. शंभर-दीडशे पाखरांचा थवा पलीकडच्या काठाजवळ बसला होता. ती त्यात जाऊन उतरली. मनकर्णानं डोळे ताणले. ती तिसरी की चौथी? तेवढ्यात सगळी जरा हलली, आणि मग कोणती ते सांगता येईना.

"छल्ला वाली मोर जाली म आही त छोड़ देहूँ," हिरा म्हणाली. आणि थोडं थांबून, "फेर दूसर मन बर झन कहिबे." कड्याच्या बदकाला ती सोडील, बाकीच्यांचा शब्द मात्र मनकर्णानं मागू नये.

मनकर्णानं मान हलवली. दुपारी ती कारखान्यात गेली, जिना चढली, उमाकांतला तारीख सांगितली. "मी त्या दिवशी बोलली ते," तिनं सुरुवात केली, तर तो म्हणाला, "राहू द्या ताई," आणि खणातून एक चामडी डबी काढली. आत दुर्बीण होती. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनियरनं जाताना त्याला दिली होती. "मले काय कामाची? तुमी घेऊन जा. जमेल तेव्हा परत करा." कागद टपालात गेला. त्यानंतर उमाकांतला तिच्या टेबलाशी यायला कारण उरलं नाही, आणि बायकोमुलांच्या माणसानं एकट्या बाईच्या टेबलाशी कारणाशिवाय यावं असा तो काळ नव्हता. भेटला की हात वर करी.

त्या हिवाळ्यात मनकर्णा एक रविवार चुकली नाही. आधी ती चैतीला शोधायला जात होती. दुर्बिणीतून एकेक पाखरू पाहायचं म्हटलं तर आधी चैता कोणत्या ते कळायला हवं. आणि तिथंच पंचाईत होती. नर सगळे वेगवेगळ्या रंगांचे, पण माद्या सगळ्या तपकिरी. लहान माद्या दोन जातींच्या होत्या आणि दोन्ही हुबेहूब सारख्या. डिसेंबरभर ती चुकत राहिली. मग तिला कळू लागलं, की एकीची काजळाची रेघ ठळक असते आणि चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका असतो. दुसरीच्या शेपटीच्या कडेला पांढरट पट्टी असते. एकदा कळल्यावर मग ते न दिसणं शक्यच नव्हतं. जानेवारीत तिनं दोनशे चौदा चैता मोजल्या, त्यांतल्या शंभरावर माद्या. पाय पाण्याखाली. कडं एकीचंही दिसलं नाही.

चिखलावर येणारी लहान लांब चोचीची पाखरं, बाभळीवर बसणारा करडा ससाणा, तारेवरचा डोळ्याला काळी पट्टी बांधलेला खाटीक पक्षी, यांच्याकडं आधी ती वाटेतला अडथळा म्हणून बघे. हळूहळू त्यांच्यासाठीही थांबू लागली. पावतीपुस्तक भरलं, दुसरं घेतलं. जे नाव हिराला येत नसे तिथं ती वर्णन लिही. घरी येऊन स्टोव्ह पेटवला की आंगणाकडं तोंड होई आणि सांगायला तोंड उघडे. मग ती ते मिटून घेई आणि भाकरी थापी. घर पूर्वीपेक्षा जास्तच शांत झालं होतं. पूर्वी ते तसंच होतं, आता त्यातून कुणीतरी गेलं होतं.

फाल्गुनात सींखपर गेले. आठवड्याआठवड्याला पाणी रिकामं होत गेलं. चैत्राच्या पहिल्या पंधरवड्यातल्या एका रविवारी ती संध्याकाळपर्यंत काठावर थांबली. सूर्य बुडाला. चैतांचा थवा सकाळपासूनच अस्वस्थ होता. उठे, फिरे, बसे. मग एकदा उठला तो बसला नाही. तलावावर एक मोठं वळण घेऊन वर गेला, आणखी वर, आणि धुराड्यांच्या बाजूला वळला. मनकर्णानं दुर्बीण लावली होती, पण डोळ्यांत पाणी आल्यानं भिंगात नुसता पांढुरका धूर दिसू लागला. तिनं दुर्बीण खाली केली आणि उघड्या डोळ्यांनी पाहत राहिली. थवा रेघ झाला, रेघेचा ठिपका, मग तोही नाही.

हिरा मागं येऊन उभी होती. "गइन," ती म्हणाली.

"हो," मनकर्णा म्हणाली. "गेल्या."

मग हिरानं तलावाच्या मध्याकडं बोट केलं. तिथं एक पाखरू राहिलं होतं. अंधारात आता छातीच्या पांढऱ्याशिवाय रंग दिसत नव्हता. पाण्यात पुढं झुकून बसलेली काळी आकृती आणि फावड्यासारखी रुंद चोच.

"तिदारी," मनकर्णा म्हणाली. "नर आहे."

हिरानं डोळे बारीक केले आणि मान डोलावली. त्याचा एक पंख पाण्यावर लोंबत होता. कुणाच्या तरी छऱ्यानं मोडला असावा. हा आता जायचा नाही, ती म्हणाली. धरून देऊ का? पोसशील?

मनकर्णाच्या डोळ्यांपुढं कूलर आला, पितळी परात आली, दार उघडं ठेवून बोललेल्या संध्याकाळी आल्या. तिदारीनं चोच पाण्याला लावली आणि गाळत गाळत संथपणे तो पुढं निघाला, जणू उद्या-परवाची त्याला काही घाई नव्हती.

"नको," ती म्हणाली. "पाण्यात हाय तो. राहू दे. आणि तूही धरू नको."

घरातून कुणीतरी हाक मारली तशी हिरा निघून गेली. कारखान्याकडं लोखंडाचा वितळलेला मळ ओतला गेला आणि आभाळाची ती कड लाल झाली. तो लाल उजेड पाण्यावरून सरकत आला आणि विझला. मनकर्णा शेवटच्या बसच्या वेळेपर्यंत काठावर बसून राहिली.

पुढच्या रविवारी ऊन चांगलंच चढलं होतं. ती छत्री घेऊन गेली. तलावावर दुसरं कुणी नव्हतं. तिदारी पलीकडच्या काठाला, बेशरमाच्या झुडपांच्या सावलीत होता. तिनं पावतीपुस्तक काढलं, तारीख घातली, खाली लिहिलं : तिदारी, नर, एक. मग पुस्तक मिटलं आणि छत्री जरा पुढं ओढून ती बसली.